चित्र द्या, हक्क ठेवा : वारली चित्रकारांच्या पत्रांना उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं पालघर जिल्ह्यातून मुंबईत येऊन चित्रांवर घर चालवू पाहणाऱ्या तरुण वारली चित्रकारांची आहेत. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न : अंधेरीतल्या एका कंपनीला दिनदर्शिकेसाठी १२ चित्रं हवी आहेत. चित्रामागे ४,००० रुपये देतात. ईमेलमध्ये ‘सर्व हक्क कंपनीचे’ असं लिहिलंय. काम हातचं जाऊ द्यायचं नाहीये. काय करू? (विक्रमगड, सध्या दहिसर)

उत्तर : काम घ्या, ते वाक्य तेवढं काढायला लावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये एक गोष्ट आहे जी चित्रकारांना कुणी सांगत नाही. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार काम सांगणारा ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी हक्क जातो. आधीच काढून ठेवलेलं चित्र विकलं तर तसं होत नाही. तिथे कागद गिऱ्हाइकाचा होतो, हक्क तुमचाच राहतो.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी दोघांच्या सहीने एवढं लिहून घ्या : ‘चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील. कंपनीला ही १२ चित्रं फक्त एका वर्षाच्या छापील दिनदर्शिकेत, ५,००० प्रतींपर्यंत, भारतात वापरता येतील. मूळ चित्रं चित्रकाराला परत मिळतील. प्रत्येक पानावर चित्रकाराचं नाव असेल.’ उद्या त्यांना तीच चित्रं मगवर, टी-शर्टवर किंवा जाहिरातीत हवी झाली, तर त्याचे पैसे वेगळे.

त्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द शोधा आणि खोडायला सांगा. हक्क द्यायचेच ठरले तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. पूर्ण हक्कांसाठी ४,००० ही किंमतच नव्हे. आमच्या मते किमान तिप्पट-चौपट मागावी. हक्क विकले तरी चित्रावर आपलं नाव मागण्याचा आणि चित्राची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ नुसार चित्रकाराकडेच राहतो.

आणखी एक, आगाऊ रक्कम खात्यात येईपर्यंत नमुना म्हणून लांब बाजू १,००० पिक्सेलची लहान फाइलच पाठवा. १२ बाय १८ इंची चित्राचं ३०० डीपीआयचं (इंचामागे ३०० ठिपक्यांचं) स्कॅन ३,६०० बाय ५,४०० पिक्सेलचं होतं. ते एकदा बाहेर गेलं की त्यावरून कुणीही हुबेहूब छपाई करू शकतो.

प्रश्न : गोरेगावच्या एका सोसायटीची ४० फूट लांब, १० फूट उंच कंपाउंडची भिंत रंगवायची आहे. दर चौरस फुटावर सांगू का? (तलासरी)

उत्तर : शेवटी चौरस फुटाचा आकडा सांगा, पण हिशेब दिवसांवर करा. समजा दोघांना आठ दिवस लागतील आणि माणशी रोज २,५०० रुपये धरले, तर मेहनतीचेच ४०,००० झाले. रंग, परांचीचं भाडं, प्रवास आणि जेवण हे त्यात मिळवायचं, मग ४०० ने भागायचं. परांची बहुतेकांच्या हिशेबातून सुटते आणि नंतर खिशातून जाते. निम्मी रक्कम आधी घ्या, ३० टक्के रेखाटन पूर्ण झाल्यावर, उरलेली काम संपेल त्या दिवशी.

आता भिंत. मुंबईत चित्र बिघडतं ते ओलीमुळे. दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि २४ तासांनी उघडा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर रंग लावूच नका. पाणी कुठून येतंय ते सोसायटीने आधी दुरुस्त करायचं, त्यांच्या खर्चाने. ओल्या भिंतीतले क्षार बाहेर येतात, पांढरी भुकटी धरते आणि महिन्याभरात पोपडे सुटतात. मग ठपका चित्रकारावर येतो. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा.

भिंत कोरडी असेल तर सुटलेला जुना रंग खरवडा, शेवाळ धुऊन काढा, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लावा आणि गेरूच्या छटेच्या एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात द्या. दोन हातांना लिटरमागे साधारण ५०-६० चौरस फूट धरले तर सात-आठ लिटर लागतील. शेणगेरूचा सारवा आणि तांदळाचं पीठ घरातल्या भिंतीवर शोभतं, उघड्या कंपाउंडवर पहिल्याच पावसात ओघळतं. आकृत्यांसाठी पांढरा अॅक्रिलिक वापरा. तो फार पातळ केला तर खालचा गेरू डोकावतो आणि माणसं गुलाबी दिसतात. दहा टक्क्यांहून जास्त पाणी घालू नका. ही गेरूची पार्श्वभूमी २४ तास वाळू द्या, खडूने रेखाटा, दोन ते चार नंबरचा गोल ब्रश घ्या. खरबरीत प्लास्टरवर बहारीची काडीही छान चालते, तिच्या रेषेला जो थरथरता जीव असतो तो ब्रशला येत नाही. काम नोव्हेंबर ते मे यातच घ्या. शेवटी सही, तारीख आणि चांगले फोटो.

प्रश्न : बाजारात यंत्रावर छापलेल्या साड्या ‘वारली’ म्हणून विकतात. आपल्या कलेला भौगोलिक मानांकन आहे ना? मग आपण त्यांना थांबवू शकतो का? (डहाणू)

उत्तर : मानांकन आहे, आणि ते ‘वारली चित्र’ या नावाला राखतं. त्रिकोणी माणूस काढण्याची पद्धत कुणाच्या मालकीची होत नाही. स्वतः ते नाव अधिकृतपणे लावायचं असेल, तर चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. एकेकट्याने धावपळ करण्यापेक्षा गावातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून अर्ज भरावेत. तुमचंच एखादं ठरावीक चित्र चोरून छापलं असेल, तर तिथे कॉपीराइट लागतो, आणि तेव्हा तारखेचे फोटो नि कच्ची रेखाटनं कामी येतात.

प्रश्न : एका दुकानदाराला पायपुसण्यावर लग्नाचा चौक हवा आहे. पैसे बरे देतोय. (जव्हार)

उत्तर : देऊ नका. चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं पवित्र चौकोनी चित्र. ते सवाशिणी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी वारली स्त्री) त्याची गाणी गाते, मध्ये पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आणून जगापुढे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण कागदावर काढून भिंतीवर टांगणं वेगळं आणि पायाखाली अंथरणं वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी चित्रकारांना यासाठी कोर्टात जावं लागलं. त्यांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून पर्थमध्ये विकायला आणली होती, आणि त्यात समाजाच्या पवित्र कथा होत्या. १९९४ च्या निकालात १,८८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक भरपाई ठरली, आणि ती ठरवताना चित्रकारांना आपल्या समाजात सोसावा लागलेला मनस्तापही धरला गेला. दुकानदाराला तारपा नाच, भातलावणी, मासेमारी दाखवा. चौकाबद्दल शंका असेल तर घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांचा शब्द शेवटचा.

प्रश्न : काळा घोड्याला जहांगीर कलादालनात प्रदर्शन करायचं आहे. (मोखाडा, सध्या नालासोपारा)

उत्तर : अर्ज आजच करून ठेवा, तारीख मिळायला वर्षं जाऊ शकतात. तोवर हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र काढा, सरकारी मेळ्यांत स्टॉलसाठी ते विचारतात. खासगी दालनं साधारण एक तृतीयांश ते निम्मी रक्कम ठेवतात. चित्रं सोडताना यादीवर त्यांची सही घ्या : प्रत्येकाची किंमत, विकल्यावर किती दिवसांत पैसे, खराब झालं तर कोण भरणार, उरलेली कधी परत. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला. नाहीतर जुलैच्या दमटपणात पीठ काचेला चिकटतं आणि काच काढताना चित्राचा पापुद्रा सोबत निघतो.