थेंब घातले की बरं, थांबवले की पुन्हा: लॅब्रॅडॉरच्या कानाचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार कुत्री ३ वर्षांची लॅब्रॅडॉर, ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. दर दीड-दोन महिन्यांनी दोन्ही कान लाल होतात, तपकिरी मळ येतो, आंबूस वास सुटतो. शिवाय ती पंजे चाटत बसते आणि काखेत, जांघेत लाली असते. या सगळ्यात माझं लक्ष कानांपेक्षा पंजांकडे गेलं. दोन्ही कान, पंजे, काख आणि जांघ एकाच वेळी खाजत असतील तर पहिला संशय ॲलर्जीवर घ्यायचा.

कानाची नळी म्हणजे आत वळलेली त्वचाच. ॲलर्जीने ती सुजते, जास्त मेण सुटतं, आत ऊब आणि ओल साठते. मग एरवीही कुत्र्याच्या अंगावर गुपचूप राहणारं मॅलेसेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जिवाणू तिथे माजतात. थेंबांनी ते मरतात, सूजही उतरते, पण ॲलर्जी जागच्या जागी असते. म्हणजे थेंब आपलं काम नीट करतायत, पण त्या कामात मूळ कारण येतच नाही. (एकच कान वारंवार बिघडत असता तर मी आधी आत अडकलेलं कुसळ किंवा गाठ शोधायला सांगितलं असतं.)

आता कान. मागच्या वेळचे उरलेले थेंब कपाटातून काढून घालणं आधी बंद करा. त्यातल्या जेंटामायसिन, निओमायसिनसारख्या औषधांनी, कानाचा पडदा फाटलेला असेल तर, बहिरेपण किंवा तोल जाणं होऊ शकतं, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही. डॉक्टरांनी ओटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) आत बघायला हवं आणि मळाची स्लाइड करायला हवी. स्वॅबवर मळ घेऊन तो काचेवर फिरवायचा, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम. भुईमुगाच्या शेंगेसारखे आकार दिसले तर यीस्ट, गोल ठिपके दिसले तर बहुधा स्टॅफिलोकोकस. काड्यांसारखे जिवाणू दिसले तर स्यूडोमोनास असू शकतो. तो बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही, म्हणून तिथे कल्चर (मळातले जिवाणू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) करून घ्यावं. स्लाइड न करता दर वेळी नवी बाटली लिहून मिळत असेल तर दवाखाना बदला. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ठाण्याहून तेवढी फेरी करायला हरकत नाही.

कान धुण्यात बहुतेक घरी चूक होते ती अशी: कापसाला थोडं औषध लावून बाहेरून दिसतो तेवढा मळ पुसला की काम झालं असं वाटतं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. खरा मळ त्या वळणापलीकडे असतो. इअरबड घातला तर तो आणखी आत ढकलला जातो. तेव्हा कानाची पाळी वर उचलून धरा, कान धुण्याचं क्लीनर नळीच्या तोंडापर्यंत भरेल इतका ओता आणि पाळीच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, जिथे कडक नळी हाताला लागते तिथे अर्धा मिनिट चोळा. आतून चुबुक-चुबुक आवाज यायला हवा. तो आला नाही तर क्लीनर कमी पडलंय. मग तिला डोकं झटकू द्या (हे बाथरूममध्येच करा, भिंती पुसाव्या लागतात) आणि वर आलेला मळ बोटाला गॉझ गुंडाळून टिपा. बोट जाईल तेवढंच आत. कान इतका दुखत असेल की ती हात लावू देत नाही, तर जबरदस्ती करू नका. आधी सूज उतरवायचं औषध, धुणं नंतर.

धुतल्यावर निदान पंधरा मिनिटं थांबून थेंब घाला, नाहीतर औषध पातळ होतं. थेंबांचं माप हा दुसरा घोळ. लॅब्रॅडॉरच्या कानात दोन-चार थेंब टाकले तर ते वळणापर्यंत पोचतही नाहीत. एवढ्या कुत्र्याला एका कानाला साधारण १ मिलीच्या आसपास लागतं. डॉक्टरांना ‘किती थेंब’ न विचारता ‘किती मिली’ विचारा आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घाला. चौथ्या दिवशी वास गेला म्हणून बंद करायचं नाही. सहसा दोन ते चार आठवडे लागतात, आणि थांबवायचं की नाही हे पुन्हा स्लाइड बघून ठरवायचं. नंतर आठवड्यातून एकदा धुणं पुरे. रोज धुतलात तर नळी ओलसर राहते आणि तोच त्रास नव्याने सुरू होतो.

खोबरेल तेल, हळद, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतलं काहीही लाल झालेल्या कानात घालू नका. तेलाने मळ चिकट होतो, व्हिनेगर जळजळतं. अंगाला डेटॉल लावणंही नको, चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते. टी ट्री ऑइलचंही तेच. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची ‘सगळ्यावर चालणारी’ क्रीम्स तर हमखास घात करतात. त्यातल्या स्टेरॉइडमुळे खाज दबते, आणि खालचा आजार गजकर्ण किंवा खरूज असेल तर तो पसरत राहतो.

मूळ कारण शोधताना क्रम सोडू नका. पहिली पायरी पिसू आणि गोचीड. आपल्याकडे ते बारा महिने असतात, त्यामुळे ‘आमच्याकडे दिसत नाहीत’ हे उत्तर चालत नाही. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, आणि अशी खाज बहुतेक कंबरेवर, शेपटीच्या बुडाशी असते. त्यांच्यावर गोळी द्या: फ्लुरालॅनर (ब्रेव्हेक्टो) १२ आठवड्यांना एकदा किंवा ॲफोक्सोलॅनर (नेक्सगार्ड) महिन्याला एकदा, वजनाप्रमाणे. या गटाच्या गोळ्या खरजेच्या आणि डेमोडेक्सच्या किड्यांवरही चालतात, त्यामुळे एका दगडात बरंच उरकतं. फिट येत असलेल्या कुत्र्याला मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दुसरी पायरी खाण्याची चाचणी. लोक सगळ्यात जास्त इथेच ढिलाई करतात. तुम्ही चिकन-भात आणि दही देता. चिकन आणि दूध ही दोन्ही कुत्र्यांच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांत आहेत. किमान ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड (ॲलर्जी होऊ नये इतक्या बारीक तुकड्यांत तोडलेल्या) प्रथिनांचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाणं द्यायचं. ते खिशाला जड जात असेल तर तिने आजवर कधीच न खाल्लेलं एखादं मांस, समजा मटण, आणि सोबत रताळं किंवा लाल भोपळा. मटण आधी खाल्लं असेल तर ते बाद. घरचं खाणं या चाचणीपुरतं ठीक, कायम द्यायचं तर कॅल्शियमचा हिशेब करून घ्यावा लागेल. पाकिटावर पुढे ‘लॅम्ब’ आणि मागे घटकांत ‘चिकन मील’ असा प्रकार सर्रास असतो, तेव्हा मागची बाजू वाचा. या काळात वॉचमनकाकांचं ग्लुकोज बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, च्यू नाही, आणि मांसाच्या चवीच्या चघळायच्या गोळ्याही नाहीत. पिसवांचं औषध म्हणून या दोन महिन्यांपुरतं मानेवर टाकायचं घ्या. सुधारणा झाली तर जुनं खाणं मुद्दाम परत सुरू करायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर खाण्याची ॲलर्जी सिद्ध. ही उलटी परीक्षा टाळू नका, नाहीतर फरक खाण्याने पडला की ऋतू बदलल्याने, हे कळणारच नाही. रक्त किंवा केस पाठवून करायच्या ‘फूड ॲलर्जी टेस्ट’वर पैसे घालवू नका, त्यांचे निकाल भरवशाचे नसतात.

दोन्ही पायऱ्यांनी फरक पडला नाही तर उरते ॲटोपी, म्हणजे धुळीतले किडे, परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी. ती बहुतेक सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. तुमची कुत्री या वयात बसते, म्हणून माझा कल या निदानाकडे आहे. ही पूर्ण बरी होत नाही, ताब्यात ठेवता येते. त्यासाठी खाज थांबवणारी गोळी, ऑक्लासिटिनिब (अपोक्वेल), ०.४ ते ०.६ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त १४ दिवस दिवसातून दोनदा, पुढे दिवसातून एकदा. पण गंभीर संसर्ग चालू असताना ते द्यायचं नसतं. नळी सुजून बंद झाली असेल तर थोड्या दिवसांचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं आणि ते द्यावंच. माझा आक्षेप आहे तो दर दीड महिन्याने टोचल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्टेरॉइड इंजेक्शनला. तहान, लघवी आणि वजन वाढत जातं, त्वचा पातळ होते, आणि एकदा टोचलं की परत घेता येत नाही.

अंगासाठी क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनॅझोल २ टक्के असलेला शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, निदान तीन आठवडे. फेस लावून १० मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, लगेच धुतलात तर पैसे पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत आधी लावा. नंतर कोरडं करणं तितकंच महत्त्वाचं. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे धुवा आणि बेचक्यांपर्यंत टॉवेल फिरवा.

मान एका बाजूला कलली, चालताना झोकांड्या जातायत, डोळे आपोआप हलतायत, तोंडाची एक बाजू लोंबतेय, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग मधल्या किंवा आतल्या कानात गेलेला असू शकतो. डोकं झटकून झटकून पाळी फुग्यासारखी फुगली तर आत रक्त साठलंय. घरी टोचून काढू नका.

सगळं आटोक्यात आलं की डॉक्टरांशी एक गोष्ट जरूर बोला: अँटिबायोटिक नसलेलं, फक्त स्टेरॉइडचं कानात घालायचं औषध आठवड्यातून दोनदा चालू ठेवता येईल का. ॲटोपीच्या कानांत खाज सुरू होण्याआधीच सूज दाबून ठेवली तर यीस्टला वाढायला जागा मिळत नाही, आणि गोळ्यांचा डोसही कमी ठेवता येतो.