पावसाळ्यात अडकणारा खण

प्रश्न : उन्हाळ्यात मी सागवानी फळ्यांचे एक लहान टेबल घरीच तयार केले. जुलै लागताच त्याचा खण अडकू लागला. शिवाय टोकाशी स्क्रू बसवताना एक फळी तडकली. माझे काय चुकले?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लाकूड हवेतील ओलावा शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही; त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत चपखल बसवलेल्या खणाच्या बाजूंची उंची कोल्हापूरच्या संततधारेत वाढली आणि तो वरच्या बाजूस घासू लागला. म्हणून लगेच रंधा हाती घेऊ नये, कारण आज भरपूर तासलेला खण हिवाळ्यात खडखडेल. प्रथम कडांवर मेणबत्ती घासून पाहावी. तरीही अडकल्यास कडांना खडू लावून खण आत-बाहेर करावा आणि जिथला खडू पुसला जाईल तेवढ्याच जागी रंध्याचा एखादा हलका हात फिरवावा. पाऊस सरल्यावर, लाकूड सुकले की खणाला आतून-बाहेरून पॉलिश करावे. त्याने ओलावा थांबत नाही, पण सावकाश शिरतो.

फळी तडकण्याचे कारण निराळे आहे : टोकाशी पुरेसे भोक न पाडता स्क्रू घुसवला गेला असावा. सागवानात ४ मिलिमीटरचा स्क्रू बसवण्यापूर्वी खालच्या फळीत सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, तर वरच्या फळीतले भोक ४ मिलिमीटरहून किंचित मोठे ठेवावे, म्हणजे आटे तिथे न अडकता दोन्ही फळ्या घट्ट आवळल्या जातात. ड्रिलची ही दोन पाती सुटी घ्यावीत. सबंध संचातली निम्मी पाती बहुधा गंजूनच जातात.