कर्नल अपडेटनंतर मशीन उठत नसेल तर

घाबरू नका, आणि लगेच नवीन इन्स्टॉल करायला तर अजिबात बसू नका. उबुंटू-डेबियन लिनक्समध्ये जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) सहसा शिल्लक असतो. मशीन चालू होताना एस्केप दाबा, तेही एकदाच. दोनदा दाबलंत की ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूऐवजी नुसतं 'ग्रब>' दिसतं. जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. त्यावर मशीन उठलं, तर ग्रब ठणठणीत आहे. दुखणं नव्या कर्नलचं.

मग टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच' चालवा, डिस्कवर किती जागा उरली ते दिसेल. बूटचं पार्टिशन १००% भरलेलं दिसलं, तर बहुतेक चोर सापडला: इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) अर्धवट लिहिलं गेलं, म्हणून 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणत कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो.

- जागा 'एपीटी ऑटोरिमूव्ह'नेच करा. बूटमधल्या फायली हाताने उडवणं ही नवख्यांची हमखास चूक. पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच लागत नाही.
- मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल', त्यानंतर 'अपडेट-ग्रब'. सगळं सूडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने.

'ग्रब रेस्क्यू' दिसत असेल तर प्रकरण वेगळं, लाइव्ह यूएसबी (ज्यावरून लिनक्स थेट चालतं असा पेनड्राइव्ह) लागेल. तोवर ग्रब-इन्स्टॉल (ग्रब पुन्हा बसवणारी आज्ञा) अंदाजाने चालवू नका.