अमेरिकेतल्या लोकांना टिकी बारचं एवढं वेड का?

टिकी बार म्हणजे पॉलिनेशियाच्या, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या, थाटात सजवलेले बार. माझ्या मते या वेडाचं मूळ पॉलिनेशियात नाही, लहानपणात आहे.

टिकी बार 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाले. ते सुरू करणारे म्हणजे हॉलिवूडमध्ये डॉन बीच, ओकलंडमध्ये 'ट्रेडर व्हिक' बर्जरॉन. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधून परतलेल्या सैनिकांनी आणि 1959 साली राज्य झालेल्या हवाईने त्या लाटेला जोर दिला. पण हे सगळं मोठ्यांचं झालं. पोरांना तिथे वाढदिवसाला नेत. बाहेर रणरणतं ऊन, आत गारेगार अंधार, बांबूच्या भिंती, छताला फुगलेल्या माशांचे दिवे. टेबलावर 'पूपू प्लॅटर' यायचं, म्हणजे लाकडी थाळी आणि तिच्या मधोमध इवलीशी पेटती शेगडी. मांसाचे तुकडे काडीला टोचून मुलांनी स्वतः शेकायचे! सात वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? शिवाय डिस्नीलँडमध्ये 1963 पासून गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांची टिकी रूम होतीच.

सत्तरच्या दशकात ही फॅशन ओसरली, एकेक ठिकाण बंद पडत गेलं. तीच मुलं मोठी होऊन 1990 च्या दशकात जुन्या बाजारांत टिकी मग, म्हणजे त्या बारमधले मूर्तीच्या चेहऱ्याचे पेले, धुंडाळू लागली. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि पॉलिनेशियातल्या मार्केसस बेटांवरचे लोक यांच्यासाठी मात्र टिकी म्हणजे पूर्वजांच्या पवित्र मूर्ती. मगावरचा तो चेहरा पाहताना याची जाण हवीच.

अस्सल जुनं ठिकाण बघायचं असेल, तर फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलचं माय-काई गाठा. 1956 सालचं आहे, 2020 मध्ये बंद पडलं होतं, 2024 मध्ये पुन्हा उघडलं.