प्रोग्रामिंग शिकायला पहिली भाषा कुठली घेऊ?

पायथन घे आणि मोकळा हो. कुठल्या भाषेला जास्त भाव आहे हे विचारत दादरच्या क्लासेसमधून फिरत बसलास, तर फी भरशील, कोड लिहिणार नाहीस. वेबसाइटच करायची असेल तर मात्र जावास्क्रिप्ट. ती थेट ब्राउझरमध्ये चालते.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा महत्त्वाची. चार स्पेस ठरव, टॅबची भेसळ करू नकोस. नाहीतर दिसायला सगळं सरळ आणि प्रोग्राम अडून बसलेला. एरर आली की आधी तिच्या मेसेजची शेवटची ओळ वाच, खरं दुखणं तिथंच लिहिलेलं असतं. मग वर जाऊन ओळीचा नंबर बघ.

लोकलमध्ये व्हिडिओ बघ (बसायला मिळालं तर!), पण घरी गेल्यावर तोच कोड स्वतः टाइप कर. कॉपी-पेस्ट नको.