डिंगलमधील जुने पब आणि जेवणाची ठिकाणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त आयर्लंडमधील कॉर्कला राहतात. येत्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही सगळे समुद्रकाठच्या डिंगल गावी जाणार आहोत. तेथील जुने पब पाहण्यासारखे आहेत असे जावई सांगतात. परंतु आमच्यात मद्य घेणारे तेवढे तेच. अशा ठिकाणी लहान मुलाला नेता येते काय, आणि तेथेच जेवण मिळते काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण अवश्य जावे आणि नातवालाही न्यावे. आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांखालील मुलाला आईवडील किंवा पालक सोबत असतील तर पबमध्ये बसता येते. मात्र वर्षाच्या इतर महिन्यांत रात्री 9 नंतर मुलांना थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर या काळात ही मर्यादा 10 वाजेपर्यंत असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये आपणांस संध्याकाळ पुरेशी मिळेल. काही पबमालक याहून कडक नियम पाळतात, तेव्हा आत शिरताना विचारून घेणे बरे. धुराची चिंता नको. 29 मार्च 2004 पासून तेथे पबसह सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानाला बंदी आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते.

मद्य न घेणाऱ्याकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. चहा बहुतेक ठिकाणी मिळतो, शीतपेयांना तेथील लोक ‘मिनरल’ म्हणतात, आणि मद्यांश नसलेली गिनेस बिअरही आता सर्रास मिळते. जावईबापूंनी मात्र एक पथ्य पाळावे : बिअरचा एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातील मद्याची मर्यादा 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम इतकी कमी आहे. गाव सुमारे दोन हजार वस्तीचे असून सगळे पायी फिरण्याजोगे आहे. गाडी मुक्कामीच ठेवावी.

डिंगलच्या जुन्या पबांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ते मुळात दुकाने आहेत. लहान गावात नुसत्या दारूच्या किंवा नुसत्या किराण्याच्या विक्रीवर एका कुटुंबाचा संसार चालणे कठीण, म्हणून एकाच छपराखाली दोन धंदे चालत. बाजाराच्या दिवशी आलेला शेतकरी खिळे, बूट किंवा कापड घेई आणि समोरच्याच फळीवर ग्लास टेकवी. 1902 च्या कायद्याने आयर्लंडमध्ये नवे मद्यपरवाने देणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे हाती असलेल्या परवान्याचे मोल वाढले आणि असे परवाने घराण्यात जपले गेले.

ग्रीन स्ट्रीटवर, सेंट मेरी चर्चच्या अगदी समोर, 1899 पासूनचा डिक मॅक्स आहे. आत शिरल्यावर एका हाताला दारूचा काउंटर आणि दुसऱ्या हाताला चामड्याच्या कामाचा काउंटर दिसतो. व्हिस्कीच्या बाटल्यांसमोरच्या फळ्यांवर बुटांची जुनी खोकी रचलेली आहेत आणि चामड्याचे पट्टे आजही तेथेच तयार होतात. दाराजवळ लाकडी आडोशाची एक लहानशी खोली आहे, तिला ‘स्नग’ म्हणतात. ज्या काळी स्त्रियांनी उघड्यावर पिणे शिष्टसंमत नव्हते, त्या काळी त्या अशा खोलीत बसत. मेन स्ट्रीटवरील फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला रंगाचे डबे, खिळे आणि अवजारे, तर दुसऱ्या बाजूला बिअरचे नळ आहेत. त्याच रस्त्यावरील करन्समध्ये कपडे आणि गमबूट विकले जात आले आहेत. या तिन्ही जागा पर्यटकांसाठी नटवलेल्या नाहीत, त्या तशाच टिकून राहिल्या आहेत, आणि म्हणूनच मला त्या मोलाच्या वाटतात. रात्रीच्या गर्दीत यातले काहीच धड दिसत नाही, दुपारी जावे.

जेवणाची अपेक्षा मात्र या जागांकडून ठेवू नये. अशा जुन्या पबांत स्वयंपाकघर सहसा नसतेच, आणि जेथे असते तेथेही ते रात्री 9 च्या सुमारास बंद होते. संध्याकाळी 6 च्या आसपास जेवून घ्यावे आणि मग पबकडे वळावे, हाच क्रम मी सुचवीन. ऑगस्टमध्ये उपाहारगृहात टेबल आधी राखून ठेवणे जवळजवळ अनिवार्य आहे.

प्रश्न : मी डब्लिनला शिकते. आईबाबा भेटीला येत असून त्यांना डिंगलला नेणार आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे. बाबा आणि मी मासे आवडीने खातो. कोठे जेवावे?
— एक वाचक, मूळ कोल्हापूर

उत्तर : आपल्या आणि बाबांच्या दृष्टीने डिंगलसारखे गाव शोधून सापडणार नाही. बंदरासमोरचे आऊट ऑफ द ब्लू हे छोटेसे उपाहारगृह फक्त मासेच देते आणि त्या दिवशी ताजी मासळी आली नाही तर उघडतच नाही. असा हट्ट धरणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. ग्रीन स्ट्रीटवरील फिश बॉक्स हे मासेमारी करणाऱ्या कुटुंबाचेच असून त्यांची स्वतःची बोट आहे. लसूण-लोण्यातल्या खेकड्याच्या नांग्या आणि उन्हाळ्यात मॅकरेल जरूर घ्यावा. मॅकरेल हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मात्र अधिक तेलकट. मसाल्याची अपेक्षा ठेवू नये. मीठ, लोणी आणि लिंबू यांपलीकडे ही मंडळी फारशी जात नाहीत, आणि इतक्या ताज्या माशाला तेवढे पुरते.

आईंसाठी थोडी चौकशी करावी लागेल. भाज्यांचे सूप पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेले असते. काही चिप्सच्या (तळलेल्या बटाट्याच्या फोडींच्या) दुकानांत तळणासाठी गाईची चरबी वापरतात, आणि तेल असले तरी त्यातच मासे तळले जातात. नाश्त्याच्या ताटातील काळे पुडिंग डुकराच्या रक्ताचे असते. पांढऱ्यात रक्त नसले तरी डुकराचे मांस असते. उलट सोडा ब्रेड निर्धास्तपणे खावा, कारण तो यीस्टऐवजी खाण्याचा सोडा आणि ताक घालून फुगवतात. त्यात अंडे घातले आहे काय एवढे विचारावे. लोणी लावलेला तो ब्रेड, स्थानिक चीज आणि बटाटे यांवर आईंचे पोट नीट भरेल. स्ट्रँड स्ट्रीटवर मर्फीज आइस्क्रीम आहे. 2000 साली दोन भावांनी डिंगलमध्येच सुरू केलेल्या या दुकानात केरी जातीच्या गाईंचे दूध आणि डिंगलच्या समुद्राच्या पाण्यापासून काढलेले मीठ वापरतात. त्या मिठाचे आइस्क्रीम आईंना आवर्जून द्यावे.

प्रश्न : पबमधील पारंपरिक संगीताच्या बैठकीला बसण्याचे काही संकेत असतात काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : असतात, आणि ते पाळल्यास आपले स्वागत अधिक मोकळेपणाने होते. स्मॉल ब्रिज या पबमध्ये अशी बैठक नेहमी होते. रात्रीची बैठक साधारणपणे साडेनऊच्या सुमारास रंगू लागते, काही ठिकाणी उन्हाळ्यात संध्याकाळीही वाजवतात. वादकांना व्यासपीठ नसते, ते कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती बसतात. त्या टेबलाजवळच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी येणाऱ्या वादकांसाठी सोडाव्यात. वाद्ये वाजत असताना हळू बोललेले चालते, पण कोणी साथीशिवाय गाऊ लागले की सगळा पब गप्प होतो. तेव्हा आपणही गप्प व्हावे आणि फोन उचलण्यापूर्वी विचारावे. पेय काउंटरवर जाऊन मागायचे आणि लगेच पैसे द्यायचे. तेथे बक्षिशी देण्याची रीत नाही, उपाहारगृहात मात्र दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. शेजारच्याने आपल्यासाठी पेय आणले तर पुढची फेरी आपली असते. ती देण्याची तयारी नसेल तर पहिल्याच ग्लासाच्या वेळी नम्रपणे नकार द्यावा. त्याचा कोणी राग मानत नाही.