शब्दाचा सोबती

प्रिय मित्रा,

आपल्या ‘सक्रिय’ या एका शब्दासाठी तुर्की कोशात फआल, एत्किन आणि आक्तिफ असे तीन शब्द सापडल्यावर तू गोंधळलास आणि शेवटी ओळखीचा वाटला म्हणून आक्तिफच परिच्छेदभर वापरलास, हे तुझ्या वहीत दिसले. शब्दाचा सोबती, म्हणजे विशेषण ज्याला लागते ते नाम, आधी पाहा, हे मी यापूर्वीही सांगितले होते.

तू त्यांच्या कुळाबद्दल विचारतोस. फआल अरबीतला, त्याच धातूतून क्रियापदाला फिइल आणि कर्त्याला फाइल (कागदांची नव्हे) हे शब्द आले. एत्किन हा 1932 मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेच्या भाषाशुद्धीच्या वळणाचा, ‘करणे’ या अर्थाच्या ‘एत्’ धातूवरून घडवलेला. आक्तिफ फ्रेंचमधून आला. पण कुळ कळले म्हणून निवड होत नाही. कारखाना चालू आहे असे सांगताना फआल शोभतो आणि कंपनीच्या वार्षिक अहवालाला ‘फआलियेत रापोरू’ म्हणतात. फोनवरची एखादी सोय सुरू करायची असेल तर एत्किनवरून झालेले क्रियापद येते. घरभर धावणाऱ्या मुलाला मात्र साधेपणाने हारेकेतली म्हणावे. (हारेकेत म्हणजे आपलीच हरकत, तिकडे ती हालचालच राहिली, आपल्याकडे आक्षेप झाली.) वर्दळीचा रस्ता तर इश्लेक असतो. सोबती पाहा, म्हणजे शब्द सापडतो.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. एका बँकेच्या ताळेबंदातील ‘आक्तिफ’चे भाषांतर मी ‘सक्रिय खाती’ असे केले होते. तिथे त्याचा अर्थ मालमत्ता होता आणि समोरच्याच रकान्यात देण्यांचा ‘पासिफ’ उभा होता, तरी मी मान वर करून पाहिले नाही. पुढे त्यांच्याकडून काम आले नाही. मुदत दोन दिवसांची होती, कोशात पहिला अर्थ ‘सक्रिय’ हाच होता आणि माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, हे मी आजही ठामपणे सांगतो. पण सोबती पाहिला नव्हता, हेही खरेच.

तुझ्या चुका माझ्यापेक्षा लहान आहेत, म्हणूनच राग येतो. पुढच्या वेळी प्रत्येक विशेषणापुढे त्याचे नाम लिहून आण. नामाशिवाय आणलेला एकही शब्द मी तपासणार नाही.

तुझा,
जुना भाषांतरकार